मांजर आडवे जाते तेव्हा

'मांजर पाळणे' हा प्रयोग व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असला तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने साफ अशुद्ध आहे. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. वाक्यातला कर्ता कोणता आणि कर्म कोणते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवितो. परंतु माणूस आणि मांजर या जोडीत कर्ता कोण आणि कर्म कोण, हे घरी आल्यावर मला अजून नीट सांगता येत नाही. कुत्रा माणसाचा असतो. मांजर घराचे असते. आणि घर कशाला म्हणायचे याची मांजराची कल्पना आपल्या खरेदीखताशी जुळत नाही. आपले घर उंबरठ्यापाशी संपते. मांजराच्या घरात शेजाऱ्यांची गच्ची, वाण्याच्या दुकानाची फळी, समोरच्या सोसायटीतली पाण्याची टाकी आणि या सर्वांच्या मधून जाणारा रस्ता, एवढे सगळे येते. यांपैकी शेवटची बाब सोडली तर आमची कशालाच हरकत नव्हती.

आमच्या बोक्याचे नाव अनुस्वार. अंग पांढरे शुभ्र आणि डोक्यावर बरोबर मध्यभागी एक काळा ठिपका. मराठीच्या मास्तराच्या घरात याहून दुसरे नाव काय सुचणार? १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून गेले. आमचा अनुस्वार मात्र चांगला खणखणीत उच्चारला जाणारा आहे. पहाटे चार वाजता तर विशेषच. तो असाच एखाद्या दिवशी गळून पडू नये यासाठी घरात जी खटपट झाली, ती मांजरे असलेल्या इतर घरांना उपयोगी पडेल म्हणून येथे सांगतो.

आम्ही पुण्यात एरंडवण्याच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. समोरची गल्ली जेमतेम सहा मीटर रुंद. एके काळी संध्याकाळी तीत मुले क्रिकेट खेळत. पुढे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारी जवळची वाट म्हणून दुचाकीवाल्यांना तिचा शोध लागला आणि मुलांनी यष्ट्या उचलल्या. मांजरांना मात्र हा बदल कोणी कळविला नाही. गेल्या मार्गशीर्षात संध्याकाळी सातच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकूंची सोनेरी मांजरी या गल्लीत एका स्कूटरखाली सापडली. स्कूटरवाला मुलगा भला होता. थांबला, उतरला आणि हात जोडून उभा राहिला. काकू त्याला एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी घरातून एक जुने मऊ लुगडे आणले, मांजरीला त्यात गुंडाळले आणि जिना चढून वर गेल्या. आमच्या नववीतल्या मुलीने हे सगळे खिडकीतून पाहिले. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिने जाहीर केले, की आजपासून अनुस्वाराला बाहेर सोडायचे नाही. अनुस्वार त्या वेळी खिडकीच्या गजांतून बाहेर पडण्याच्या उद्योगात होता.

घरात दोन पक्ष पडले. "बाबा, दारं-खिडक्या बंद ठेवा. जिवापेक्षा फिरणं मोठं आहे का?" हा मुलीचा पक्ष. "मुक्या जिवाला जन्मभर कोंडून घालायचं? मग पिंजराच आणा की!" हा माझ्या आईचा पक्ष. सौभाग्यवती बँकेत नोकरी करतात, त्यामुळे पुरावा पाहिल्याशिवाय त्या कोणाच्याही नावावर काही जमा करीत नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, आधी माहिती तरी काढा. वाद काय, पुढेही घालता येईल." माहिती काढणे हे काम घरात माझ्याकडे असते.

पहिला प्रश्न असा, की मांजर जाते तरी किती लांब? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांच्या गळ्यात जागा टिपणारी यंत्रे बांधून हे पाहिले गेले. बहुतेक मांजरे घरापासून शंभर मीटरांच्या आतच घोटाळत होती. म्हणजे लेकी बोले सुने लागे तशातला प्रकार. आपण मोठ्या चौकातल्या बसना आणि मालमोटारींना भितो. पण मांजराला धोका असतो तो आपल्या फाटकासमोरच्या, आपल्या ओळखीच्या गल्लीचा.

दुसरा प्रश्न, एवढा चपळ प्राणी मोटारीखाली सापडतो कसा? मांजर माणसाच्या सोबतीला आले त्याला फार काळ लोटला. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे. मोटार आली १८८६ साली. वैऱ्याची चाहूल लागली की आधी जागच्या जागी थिजायचे आणि मग एकदम उसळी मारून पळायचे, ही विद्या मांजराने कुत्र्यासाठी आणि कोल्ह्यासाठी कमावलेली आहे. कुत्र्यापुढे ती चालते. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर कापते, आणि मांजर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एक सेकंद सहज जातो. सहा मीटरांच्या गल्लीत हे गणित मांजराच्या बाजूने सुटत नाही.

त्यात अंधाराची भर. माणसाला लागतो त्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याच्या उजेडात मांजराला दिसते. त्यासाठी बाहुली पूर्ण उघडते आणि डोळ्याच्या मागचा चकचकीत पडदा आलेला उजेड पुन्हा परतवितो. या उघड्या डोळ्यांवर हेडलाइटचा झोत पडला की ते दिपून उभे राहते. इंग्लंडमधल्या पर्सी शॉ या गृहस्थाने १९३४ साली रस्त्यात बसवायच्या चमकत्या खुंट्यांचे पेटंट घेतले आणि त्यांना मांजराच्या डोळ्यांचेच नाव दिले. आपल्याकडेही त्यांना 'कॅट्स आय' म्हणतात. त्या डोळ्यांच्या नकलेने असंख्य माणसे रात्री सुखरूप घरी पोहोचली. मूळ मालकाला मात्र तो लाभ मिळाला नाही.

कायद्याकडे पाहावे तर तिथेही मांजराला फारसा आधार नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या वाहतूक कायद्यात घोडा, गाय-बैल, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर, शेळी आणि कुत्रा यांना धडक बसली तर चालकाने कळविले पाहिजे, असे आहे. या यादीत मांजर नाही. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पण तो मुद्दाम केलेल्या छळासाठी. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कुत्र्याच्या अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले, की बेदरकार वाहन चालविण्याविषयीची भारतीय दंड संहितेची कलमे माणसाच्या जिवासाठी आहेत. मालकाला कुत्रा-मांजर घरच्या मुलासारखे वाटत असले तरी ते माणूस नव्हे. न्यायालयाचे म्हणणे रास्तच आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. जिथे माणसांचा हिशेब असा, तिथे मांजरांची वही कोण लिहिणार? तेव्हा मांजर सांभाळायचे ते घरानेच.

आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शस्त्रक्रिया झालीय का?" अनुस्वार तेव्हा सात महिन्यांचा होता. बोका वयात आला, की माद्यांच्या शोधात आणि दुसऱ्या बोक्यांशी हद्दीवरून भांडण्यात त्याचा निम्मा दिवस आणि सगळी रात्र जाते. अपघातात सापडणाऱ्या मांजरांत अशा तरुण जिवांचाच भरणा मोठा. नसबंदी झाल्यावर बहुतेक बोक्यांची भटकंती काही आठवड्यांत कमी होते. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात ही शस्त्रक्रिया करून घेता येते. आईला ही कल्पना ऐकवेना, पण काकूंची मांजरी आठवून ती गप्प बसली.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. "खायला काय घालता?" आमचे घर शाकाहारी. अनुस्वाराला दूध-पोळी, दही-भात आणि सणावारी साय मिळे. डॉक्टर हसून म्हणाले, "मग तो बाहेर जेवायला जाणारच." मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांसातूनच मिळते. ते न मिळाले तर डोळे आणि हृदय बिघडते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या संशोधनात असे दिसले, की भरपूर मांस असलेले अन्न दिल्यावर मांजरे घरी आणीत त्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. आणि रोज पाच-दहा मिनिटे त्यांच्याशी खेळल्यावर २५ टक्के. तेव्हापासून आमच्या घरी मांजराच्या खाण्याची तयार पाकिटे येतात. ती गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात राहतात आणि त्या डब्याला आई हात लावीत नाही. मात्र डबा रिकामा होत आला की तिलाच सर्वांत आधी कळते.

आता राहिला मूळ वाद, कोंडायचे की सोडायचे. ज्यांचे दार थेट हमरस्त्यावर उघडते किंवा ज्यांचे बिऱ्हाड उंच इमारतीत आहे, त्यांनी मांजर घरातच ठेवावे हे बरे. पिलूपणापासून घरात वाढलेल्या मांजराला त्याचे दुःख होत नाही. त्याला चढायला उंच जागा, बाहेर पाहायला खिडकी आणि खेळायला कोणीतरी हवे. मात्र गॅलरीला जाळी हवीच. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतली नव्वद टक्के वाचली हे खरे. पण आपले मांजर उरलेल्या दहांत नसेल याची हमी कोण देणार?

आमचा अनुस्वार मात्र तळमजल्यावरचा आणि मोकळ्या पायांचा. त्याचा निवाडा शेवटी आईनेच केला. एके दिवशी वाती वळता वळता ती म्हणाली, "लहानपणी तुम्हा भावंडांना मी कोंडून ठेवलं होतं का? पण दिवेलागणीला पाऊल घरात हवं म्हणजे हवं. मांजराला वेगळा कायदा कशाला?"

मी चकित झालो. कारण सगळ्या वाचनाचे सार हेच होते. मांजराचा संचार सर्वांत जोरात असतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला; आणि शहरात नेमक्या त्याच संध्याकाळी माणसे कचेऱ्यांतून घराकडे धावत असतात. उजेड मावळलेला, मांजर शिकारीच्या रंगात आणि स्कूटरवाला भुकेला. ही एक वेळ टाळली की निम्मे संकट टळते. मांजराला रस्ता शिकविता येत नाही. ते पोलिसाचा हात ओळखत नाही आणि झेब्रा पट्टे त्याला उन्हात लोळायच्या कामाचे. पण मांजराला जेवणाची वेळ मात्र शिकविता येते, आणि एकदा शिकले की ती ते आपल्याला चुकू देत नाही.

तेव्हा दुपारचे खाणे आम्ही अगदी कमी केले. संध्याकाळी साडेपाचला मुलगी दोरीला पीस बांधून दहा मिनिटे अनुस्वाराला घरात नाचविते. मग सहाला आई स्टीलच्या वाटीवर चमचा वाजविते. रोज तीच वाटी, तोच चमचा, तोच ठेका. वाटी वाजली की खाणे मिळालेच पाहिजे. नुसते बोलवायला ती कधी वाजवायची नाही. शिकार, जेवण, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा ठरलेला क्रम. त्यामुळे पोट भरले की तो जागीच लवंडतो आणि तेवढ्यात दार बंद होते. पहिल्या चार रात्री त्याने दाराशी बसून जे आळविले, ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेले. कोणी उठून दार उघडायचे नाही असे ठरले होते आणि आईसुद्धा उठली नाही. पाचव्या रात्री आवाज खाली आला. तीन आठवड्यांनी साडेपाचलाच स्वारी फाटकावर हजर राहू लागली.

सकाळी शाळा-कचेऱ्यांची गर्दी ओसरली की अकराच्या सुमारास त्याला सोडतात. दुपारी एक ते चार पुण्यातले रस्तेही झोपतात अशी आमच्या गावाची ख्याती. ती आता पूर्वीइतकी खरी नाही, पण एका गल्लीपुरती आणि एका बोक्यापुरती पुरेशी खरी आहे.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रत्यक्षात शिकलो. एका संध्याकाळी अनुस्वार समोरच्या सोसायटीच्या भिंतीवर बसला होता आणि मधून वाहनांची रांग चालली होती. मुलीने हाक मारायला तोंड उघडले, तोच आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. हाक ऐकली असती तर तो सरळ वाहनांतून धावत आला असता. मुलगी निमूटपणे रस्ता ओलांडून गेली आणि त्याला खांद्यावर टाकून घेऊन आली. मांजर पलीकडे असेल तर अलीकडून बोलावू नये, वाटी तर मुळीच वाजवू नये. आपण पलीकडे जावे.

गळ्यात पट्टा घालायचा तर चमकणारा घालावा, आणि ओढ बसताच आपोआप सुटणारा असावा. नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. कातडीखाली बसवायची तांदळाच्या दाण्याएवढी चिपही आता मिळते. १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजरांना ती सक्तीची आहे. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. मांजर कुठे आहे हे ती सांगत नाही. पण सापडलेले मांजर कोणाचे, हे क्रमांकाच्या नोंदीवरून कळते.

एवढे करूनही अपघात झालाच तर? मांजर उठून चालू लागले तरी डॉक्टरांकडे न्यावेच, कारण मार आत लागलेला असतो. फळीवर किंवा ताणलेल्या टॉवेलवर अलगद घेऊन खोक्यात ठेवावे. पाणी, दूध पाजू नये. वेदनेत ते आपल्या माणसालाही चावते. चावल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. आणि माणसाची दुखण्यावरची गोळी कदापि देऊ नये. पॅरासिटामोल मांजराला विषासारखे आहे. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. इतरांनी आपल्या गावात रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच विचारून ठेवावे.

हा अंक हाती पडेल तेव्हा दिवाळी दाराशी आलेली असेल, म्हणून आणखी एक सूचना. माणसाला ऐकू येते त्याच्या तिप्पट उंच पट्टीचे आवाज मांजराला ऐकू येतात. फटाका वाजला की ते दिशा न पाहता धावत सुटते, आणि धावते ते बहुधा रस्त्यावर. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. पण गल्लीतल्या लवंगी माळा घड्याळ पाहत नाहीत. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मांजराला दुपारी चारलाच घरात घ्यावे. आतल्या खोलीत एक खोके, त्यात जुनी चादर, खिडक्या बंद आणि पंखा किंवा रेडिओ चालू. पलंगाखाली बसले तर ओढून काढू नये. फराळाला येणाऱ्या मंडळींमुळे दार सताड उघडे राहते, त्यावर घरातल्या एकाने नजर ठेवावी.

ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांच्याकडेही दोन मागणी आहेत. थंडीत मोटार सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर एक थाप मारावी. ऊब धरून आत कोणीतरी निजलेले असते. दुसरी मागणी आपल्या जुन्या समजुतीची. मांजर आडवे गेले तर क्षणभर थांबावे, असे पूर्वी मानीत. अपशकुनाची भीती आम्ही सुशिक्षितांनी सोडली हे उत्तम झाले. पण तिच्याबरोबर थांबणेही सोडले, ते तेवढे पुन्हा धरावे. एक मांजर आडवे गेले, की पाठोपाठ दुसरे येण्याचा संभव असतो.

आमच्या गल्लीतून कधी जाणे झाले तर संध्याकाळी सहानंतर अनुस्वाराची काळजी नको. तो त्या वेळी घरात असतो. मात्र वरच्या काकू, पुन्हा मांजर ठेवणार नाही असे वर्षभर म्हणत होत्या, त्यांनी गेल्या महिन्यात एक पिलू आणले आहे. त्याला अजून वाटीचा आवाज कळत नाही. तेव्हा जरा हळू चला.